मातीवरून जाणारी खुर्ची

दुपारच्या वेळी दिंडोरी नाक्यावरून जाताना सावळीराम पगारेच्या सायकल दुकानाकडे पाहिलं, तर तो झोपलाय असंच कुणालाही वाटेल. पत्र्याच्या सावलीत तो पोत्यावर बसलेला असतो. समोर उलटी ठेवलेली सायकल, डोळे अर्धवट मिटलेले, आणि एक बोट फिरत्या चाकाच्या कडेला जेमतेम टेकलेलं. चाक कुठं डगमगतंय ते त्या बोटाला कळतं. मग तो डोळे न उघडताच एक तार सैल करतो, दुसरी आवळतो, आणि चाक पुन्हा फिरू लागतं. रस्त्यावरून भाजीचे टेम्पो जातात, शाळेच्या रिक्षा जातात. ते आवाज त्याच्यापर्यंत पोचतात की नाही, सांगता येत नाही.

"यांना हाका मारून उपयोग नाही," त्याची बायको छाया म्हणते. "नुसतं थांबायचं. येतात परत."

छाया महापालिकेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. पेठ फाट्याजवळच्या वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. सावळीराम आता छप्पन्न वर्षांचा. तेराव्या वर्षापासून तो सायकलीच दुरुस्त करतोय. तेव्हा रोज सकाळी सातपूरच्या कारखान्यांकडे सायकलींची रांग लागायची. शेकडो साखळ्यांचा मिळून एकच हलका आवाज यायचा, ओढ्याच्या पाण्यासारखा, आणि हातात पंप धरून तो फुटपाथवर उभा राहून ऐकत राहायचा. ती रांग कधी विरळ झाली, आणि तिच्या जागी मोटारसायकली कधी आल्या, हे त्याला नेमकं आठवत नाही. हल्ली लहान मुलांच्या सायकली येतात, आणि रविवारी सकाळी रंगीत कपडे घालून गंगापूर धरणाकडे निघालेले हौशी लोक हवा भरून जातात. चालतं.

दीडेक वर्षापूर्वी, गणपती उठून गेल्यानंतरच्या आठवड्यात, स्नेहा नावाची एक तरुण बाई टेम्पोतून उतरली. तिच्या हातात घडी केलेली व्हीलचेअर होती. नवीकोरी, चकचकीत; फक्त पुढचं एक छोटं चाक वाकलेलं.

"काका, हे सरळ होईल का? सासूबाईंची आहे. शिबिरात मिळाली."

"पडल्या का त्या?"

"अंगणातच. पुढचं चाक मातीत रुतलं आणि त्या तोंडावर पडल्या. तेव्हापासून बसतच नाहीत. आम्ही तिच्यावर धुणं वाळत घालतो. पण एका बाजूला कलली आहे ना, कपडे घसरतात."

सावळीरामनं चाक काढलं, ऐरणीवर ठेवून ठोकलं, परत बसवलं. पंधरा मिनिटांचं काम. पण खुर्ची द्यायच्या वेळी तो ती हातात धरून तसाच उभा राहिला.

"हे परत वाकणार, ताई."

"आता कशाला वाकतंय? बसतंय कोण तिच्यावर?"

ती हे सहज बोलून गेली. सावळीराम म्हणाला, "रविवारी मीच आणून देतो," आणि खुर्ची त्यानं ठेवून घेतली.

रविवारी त्यानं ती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि दिंडोरी रस्त्याला लागला. मेरी-म्हसरूळ मागे पडलं. पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा सुरू झाल्या. छाटणी अजून व्हायची होती. हिरव्या भिंती रस्त्याबरोबर चालल्या होत्या. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते आणि हवेत ओल्या पानांचा वास होता. सावळीराम सांगतो, की त्या दिवशी आपण पायडल मारतोय हेच तो विसरला होता. मागे बांधलेल्या रिकाम्या खुर्चीत कुणीतरी बसलंय, आणि आपण त्या माणसाला फिरायला घेऊन चाललोय, असं त्याला सारखं वाटत होतं.

लताबाई दारातल्या खाटेवर पडून होत्या. वय पन्नाशीच्या आत, हात सडपातळ पण पीळदार. बावीस वर्षं त्यांनी द्राक्षांच्या बागेत काम केलं होतं. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले नीट फुगतात. विरळणी म्हणतात त्याला. त्या कामात लताबाईंचा हात गावात सगळ्यांत हलका. तीन वर्षांपूर्वी कामावरून बायकांना घेऊन येणारा टेम्पो वळणावर उलटला. बाकीच्यांना खरचटलं. लताबाईंच्या पाठीच्या मणक्याला लागलं आणि कमरेखालचं अंग गेलं.

"भाऊ, एवढ्या लांब सायकल कशाला हाणली?" त्या म्हणाल्या. "तिकडंच ठेवायची होती."

"चाक सरळ केलंय."

"चाकाचा काय दोष नाय. ती खुर्ची फरशीवरची हाय. दवाखान्यातली. आमच्याकडं फरशी कुठंय?"

सावळीरामनं आजूबाजूला पाहिलं. दोन पायऱ्यांचा ओटा. पुढे अंगण, दगडगोट्यांची गल्ली, मग उतार, आणि उताराच्या शेवटी एका बागेची पहिली ओळ.

"समजा," तो म्हणाला, "पाहिजे तशी खुर्ची मिळाली. कुठं जाल?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी दुखतं का विचारलं होतं, शिबिरातल्यांनी वय आणि आधार कार्डाचा नंबर विचारला होता. लताबाईंनी मान वळवून उताराकडे पाहिलं. स्नेहा चहा घेऊन आली होती, ती कप हातात धरून तशीच थांबली.

"बागेत," लताबाई म्हणाल्या. "मला सपान पडतं भाऊ. मी ओळीतनं चाललेली असते, पण पाय दिसत नाय. खालती बघितलं तर नुसतं गवत. वर घड लटकलेले. मी आपली पुढं पुढं जाते, वाऱ्यानं नेल्यावानी. हातात कात्री असते. कुणी मला थांबवत नाय."

त्या हसल्या, आणि लगेच म्हणाल्या, "येडी म्हणाल मला."

सावळीरामनं चपला काढल्या, उतरून बागेपर्यंत गेला, आणि अनवाणीच एका ओळीतून शेवटपर्यंत चालत जाऊन आला. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या किती खोल आहेत, ठिबकची नळी कुठं आडवी येते, माती कुठं घट्ट आहे आणि कुठं पाय आत ओढते, हे त्यानं तळव्यांना विचारलं. परत येऊन सुतळीनं लताबाईंच्या हातांची लांबी घेतली, खाटेची उंची घेतली, सुतळीला गाठी मारल्या, आणि चहा न पिताच निघाला. त्या न प्यायलेल्या चहाबद्दल त्याला स्नेहाचा ओरडा अजून खावा लागतो.

त्यानंतर दुकानाच्या मागच्या बाजूला एक विचित्र वस्तू आकार घेऊ लागली. दोन जुन्या लेडीज सायकलींच्या फ्रेम कापून त्यानं सांगाडा केला, कारण तो पाइप हलका असतो. मागची चाकंही त्याच सायकलींची. पण सायकलच्या चाकातला आडवा दांडा, म्हणजे एक्सल, दोन्ही बाजूंनी धरलेला असतो; खुर्चीला तो एकाच बाजूनं धरावा लागतो आणि मग वाकतो. म्हणून एका मोडक्या लुनाचे जाड एक्सल मिळवले आणि सातपूरच्या एका लेथवाल्याकडून ते बसवून घेतले. हातानं चाक फिरवायला बाहेरून जी गोल कडी लागते, ती त्यानं विजेच्या फिटिंगचा पाइप वाकवून केली, आणि हात घसरू नये म्हणून तिच्यावर ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. पाय ठेवायला द्राक्षांचा एक प्लास्टिक क्रेट अर्धा कापून लावला. यातली एकही वस्तू नाशिकच्या बाहेरून आणावी लागली नाही. बाजारातल्या एका तयार खुर्चीच्या किमतीत अशा तीन-चार झाल्या असत्या.

खुर्ची कशी चालते ते बघायला तो स्वतः तिच्यात बसायचा. पायांची मदत होऊ नये म्हणून दोन्ही पाय ट्यूबनं एकत्र बांधून घ्यायचा, आणि नाक्यावरच्या कच्च्या रस्त्यानं जायचा. लोक बघायचे. पानवाला सुनील एकदा धावत आला, "अहो, काय झालं पायांना?" म्हणून. एका दुपारी छाया शाळेतून आली, तर सावळीराम दुकानामागच्या चढावर उताणा पडलेला. खुर्ची पाठीवर उलटलेली, तो तिच्यातच, बांधलेले पाय वर आणि नजर आभाळात.

"लागलं का?" ती घाबरून म्हणाली.

"नाही."

"मग उठा की!"

"थांब जरा. ढग बघ कसा चाललाय, सगळा एकदम. त्याचं वजन कुठंच पडत नाही." मग थोड्या वेळानं, "मागची चाकं अजून मागं घ्यायला हवीत. आणि पुढं दोन छोटी नकोत. एकच पाहिजे, मोठं, पायांच्याही पुढं."

ते पुढचं चाक त्याला भंगारबाजारात मिळालं. बांधकामावर वाळू वाहायची एकचाकी गाडी असते, तिचं. रुंद, जाड, मातीवर पसरून चालणारं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला खुर्ची टेम्पोत घालून तो गावात घेऊन गेला. लताबाई खाटेवरून हातांच्या जोरावर स्वतःच सरकून बसल्या. सुतळीच्या गाठीप्रमाणे खाट आणि खुर्ची, दोन्हींची उंची एकच होती. अंगणात त्यांनी एक गोल फेरी मारली, मग दुसरी, मग किती तरी. रुतली नाही, कलली नाही. तासाभरानं सगळे थकले तरी त्या उतरायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी स्नेहाचा फोन आला. लताबाईंच्या बैठकीला जखम झाली होती. सावळीरामनं बसायला फळी लावून वर पातळ गादी टाकली होती. आपल्याला टोचलं की आपण नकळत हलतो. लताबाईंना कमरेखालचं काही कळतच नव्हतं, त्यामुळे त्या हलल्या नाहीत.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं, की वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर अशा जखमेनं माणूस जातोसुद्धा. महिनाभर तरी पालथं झोपायचं. सावळीराम ते ऐकून घरी आला आणि आठ दिवस दुकान उघडलं नाही. "मला चाकं कळतात," तो छायाला म्हणाला. "माणूस कळत नाही. मी यात पडायला नको होतं."

छायानं समजूत घातली नाही. तिनं एक सुट्टी टाकली, बस पकडली आणि लताबाईंना भेटून आली. परत आल्यावर म्हणाली, "पालथ्या पडल्यात, पण मला काय विचारलं माहितीये? खुर्ची झाकून ठेवली का, म्हणे. दव पडतं, गंजेल." मग सिस्टरकडून शिकून आलेलं तिनं सांगितलं: दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, बैठक मऊ हवी, आणि वजन एका जागी पडता कामा नये.

वजन एका जागी पडता कामा नये. हे वाक्य घेऊन सावळीराम दुसऱ्या दुपारी दुकानात पोत्यावर आडवा झाला. तोंडावर उपरणं घेतलं. विणीतून ऊन झिरपत होतं, पांढरं आणि थरथरतं. त्या उजेडात त्याला गोदावरीचं पाणी दिसू लागलं. लहानपणी उन्हाळ्यात पोरं ट्रकची ट्यूब घेऊन नदीत उतरायची. तिच्यावर उताणं पडलं की आधी पाठ थंड व्हायची, मग कान पाण्याखाली जायचे आणि घाटावरचा सगळा गलबला दूर, दुसऱ्या गावात गेल्यासारखा व्हायचा. शरीराला कडाच राहायच्या नाहीत. ट्यूब एका बाजूला दबली की दुसरीकडून फुगून वर यायची, आणि त्याला सांभाळून घ्यायची. तो किती वेळ असा वाहत राहिला, त्याला माहीत नाही. कुणीतरी हवा भरायला आलं होतं, घंटी वाजवून कंटाळून निघून गेलं.

तो उठला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. खिळ्याला टांगलेल्या जुन्या ट्यूबांमधून त्यानं दोन चांगल्या निवडल्या, पंक्चरं काढली, आणि त्यांची नागमोडी घडी घालून हवा अर्धीच भरली. छायानं मशिनवर सुती कापडाचे लांब खण शिवले आणि ट्यूबा त्यांत बसवल्या. फळी काढून टाकली. तिथं पलंगाची नवार विणली, आणि वर ही हवेची गादी. एका बाजूला दाबलं की हवा हळूच दुसरीकडे सरकायची. सावळीराम तिच्यावर पूर्ण एक दिवस बसला.

डिसेंबरात जखम भरली. सिस्टरनं बघून हो म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं नवरा-बायको गावात पोचले. लताबाई बसल्या. छायानं त्यांच्या खाली तळहात घालून तपासलं, कुठं हाड टोचतंय का. नव्हतं टोचत.

"चला," सावळीराम मागून खुर्चीला हात लावायला पुढं झाला.

"मागनं हात लावू नका भाऊ," लताबाई म्हणाल्या. "मी जाते."

ओट्यावरून उतरायला त्यानं लाकडी उतार केला होता. लताबाई अंगणात आल्या, गल्लीत आल्या. गोट्यांवरून पुढचं जाड चाक आधी चढायचं, मग मागची दोन सावकाश यायची. उतारावर त्यांनी कड्या तळहातांनी दाबून धरल्या. मागे तिघं चालत होते. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. बागेच्या तोंडाशी ठिबकची नळी आडवी होती. तिथं खुर्ची एकदा अडली. लताबाईंनी थोडी मागं घेतली, श्वास घेतला आणि जोरात लोटली. चाक नळीवरून गेलं, आणि त्या पानांच्या आत शिरल्या.

आत उजेड हिरवा होता. दोन्ही बाजूंच्या वेली वर एकमेकींकडे झुकलेल्या, पानांच्या कडांना दवाचे थेंब, आणि त्यांच्यामधून घडच घड, मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठे हिरवे मणी. उभ्या माणसाच्या छातीशी येणारे ते घड खुर्चीतल्या बाईच्या डोळ्यांसमोर येत होते. जमिनीवर गवत होतं, त्यामुळे चाकांचा आवाज येत नव्हता. मागून पाहणाऱ्या स्नेहाला सासूबाईंची पाठ तेवढी दिसत होती, पानांमधून अलगद पुढं पुढं सरकणारी. तिनं तोंडाला पदर लावला.

ओळीच्या मध्यावर विरळणी करणाऱ्या चार-पाच बायका थांबल्या. बागेचा मालक मनोज पलीकडच्या ओळीतून वाकून आला. तो शाळेत जायचा तेव्हापासून लताबाईंनी त्याला पाहिलेलं. तो नुसताच बघत राहिला.

"कात्री दे की," लताबाई म्हणाल्या. "बघतो काय?"

त्यानं स्वतःच्या हातातली कात्री दिली. लताबाईंनी एक घड डाव्या तळहातावर घेतला, तोलून पाहिला, आणि कात्री चालू लागली. बारीक मणी टपटप क्रेटमध्ये, पावलांवर पडत होते. त्या पावलांना ते कळत नव्हते. पण लताबाई खाली बघतही नव्हत्या. एक घड झाला, त्यांनी चाक अर्धा फेरा फिरवलं, दुसरा घेतला.

सावळीराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सगळे लताबाईंकडे बघत होते. तो मातीवर उमटलेल्या तीन रेघांकडे बघत होता. मधली रेघ थोडी डावीकडे जाते आहे, पुढचं चाक अंगठाभर सरकवायला हवं, असं तो स्वतःशीच म्हणाला.

त्या हंगामात लताबाई अर्धा दिवस कामाला जाऊ लागल्या. वर हात धरून दंड भरून येतात, त्यामुळे दुपारनंतर होत नाही. दर पंधरा मिनिटांनी बायकांपैकी कुणीतरी ओरडतं, "लताबाई, उचला!" आणि त्या हातांवर अंग उचलतात, ओळीत सगळ्या हसतात. बाभळीच्या काट्यानं चाक पंक्चर होतं, ते काढायला त्या शिकल्या आहेत. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीपुढं ही खुर्चीही हरते. ते चार महिने त्या ओट्यापुरत्याच असतात, आणि त्या दिवसांत त्यांच्याशी बोलणं कठीण जातं, असं स्नेहा सांगते. सावळीरामला त्यावर उत्तर सापडलेलं नाही. रुंद पट्ट्यांचं चाक करून पाहिलं, ते नीट चाललं नाही.

आतापर्यंत त्यानं सहा खुर्च्या केल्या आहेत, आणि एक दुसरीसारखी नाही. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका माणसाला त्यानं चाकांऐवजी दोन माणसांनी उचलायचे दांडे लावून दिले, कारण त्याच्या घराला रस्ताच नव्हता. मखमलाबादच्या यशश्री नावाच्या मुलीची खुर्ची शाळेच्या बाकाखाली सरकते. कॉलेजातले एक सर येऊन म्हणाले, नकाशे काढू, सगळ्यांना उपयोग होईल. सावळीरामनं फरशीवर खडूनं सगळी मापं काढून दिली, काही लपवलं नाही. फक्त म्हणाला, "सर, आधी त्या घरी जाऊन बसा. ते कुठं जायचं म्हणतात ते ऐका."

या महिन्यात तो सटाण्याच्या पुढं एका खेड्यात जाऊन आला. जीवनआप्पा म्हणून सत्तरीचे शेतकरी आहेत. साखरेच्या आजारानं दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागले. सावळीरामनं त्यांनाही तेच विचारलं.

"माले कांदानी चाळमा जानं शे," आप्पा म्हणाले. "दुसरं काही नको."

"चाळीत काय करणार आप्पा?"

"हात फिरवसू. कोणता कांदा सडस, हातले कळस."

सावळीराम कांदे साठवायच्या त्या रिकाम्या चाळीत गेला. दोन्ही बाजूंना बांबूच्या पट्ट्या, त्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा आत आलेल्या, खाली गेल्या वर्षीच्या कांद्यांची वाळकी सालं. मधली वाट जेमतेम दोन हातांची. इथं मोठं चाक वळणार नाही. तो त्या रेघांमध्ये बराच वेळ उभा राहिला. आप्पांच्या सुनेनं बाहेरून दोनदा चहाला बोलावलं, आणि या वेळी तो आठवणीनं चहा प्यायला.

"कधी होई?" आप्पांनी विचारलं.

"उन्हाळी कांदा चाळीत पडायच्या आत."

आत्ता फेब्रुवारी चालू आहे. अरुंद सांगाडा झालाय, छायानं नवार विणून दिलीय. मागच्या चाकांसाठी तो लहान मुलांच्या सायकलीच्या चाकांची जोडी शोधतोय, एक चाक मिळालंय.